एनबीएचा उन्हाळा कसा वाचावा: करार, ट्रेड आणि फ्री एजन्सी, टप्प्याटप्प्याने

जून संपत आला की एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, बातम्यांचा पाऊस सुरू होतो. अमुक खेळाडू चार वर्षांसाठी दहा कोटी डॉलरला, तमुकची ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल), कोणाचा पर्याय (कराराचं पुढचं वर्ष घ्यायचं की सोडायचं हे ठरवण्याचा हक्क) नाकारला, कोणाची क्वालिफायिंग ऑफर स्वीकारली. नियमित सामने पाहणारा माणूसही इथे गोंधळतो, कारण या बातम्यांमागचा हिशेब कोणी उलगडून सांगत नाही. रक्कम कळते, पण ती त्या संघाला परवडली कशी, आणि तीच रक्कम शेजारच्या संघाला का देता आली नाही, हे कळत नाही.

माझा आग्रह असा आहे की कुठल्याही व्यवहाराकडे पाहताना खेळाडू किती चांगला आहे हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा. आधी तीन गोष्टी विचाराव्यात. तो कोणत्या नियमाच्या वाटेने आला? त्यामुळे संघ कोणत्या रेषेच्या वर किंवा खाली गेला? आणि करार मोडायचा किंवा संपवायचा हक्क कोणाच्या हातात राहिला? ही उत्तरं मिळाली की अर्ध्याहून जास्त बातम्यांचा उलगडा आपोआप होतो. पुढचे टप्पे त्यासाठीच आहेत. उदाहरणं मुख्यतः २०२४ आणि २०२५ च्या उन्हाळ्यातली घेतली आहेत, कारण १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या, लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या नव्या सामूहिक कराराचे दात खऱ्या अर्थाने या दोन वर्षांत दिसले.

पहिला टप्पा: पाच रेषा लिहून काढा

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्याला इथे पहिला धक्का बसतो. २०२५च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते. ते संपले की विषय संपला. एनबीएची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या पगारखर्चाची मर्यादा, तशी नाही. ती ओलांडता येते, आणि बहुतेक संघ ती ओलांडतातच. मात्र ओलांडल्यावर खेळाडू आणायच्या वाटा कमी होत जातात.

२०२५-२६ च्या मोसमासाठी रेषा अशा होत्या:

- किमान पगारखर्च: १३.९२ कोटी डॉलर (कॅपच्या ९० टक्के)
- सॅलरी कॅप: १५.४६ कोटी
- लक्झरी टॅक्सची रेषा (हिच्या वरच्या खर्चावर संघाला लीगकडे कर भरावा लागतो): १८.७९ कोटी
- पहिला एप्रन (टॅक्सच्याही वरची, जास्त निर्बंध आणणारी रेषा): १९.५९ कोटी
- दुसरा एप्रन: २०.७८ कोटी

दरवर्षी ३० जूनच्या सुमारास नवे आकडे जाहीर होतात. कॅप एका वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू शकत नाही, आणि या मर्यादेमागे इतिहास आहे. २०१६ मध्ये टीव्हीच्या नव्या पैशामुळे कॅप ७ कोटींवरून थेट ९.४१ कोटींवर गेली. नुकतेच ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे त्यामुळे अचानक जागा तयार झाली आणि केव्हिन ड्युरांट तिथे गेला. लीगला पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही. म्हणूनच २०२५-२६ पासून डिस्ने, एनबीसी आणि अॅमेझॉनबरोबर ११ वर्षांचा प्रचंड प्रसारण करार सुरू होऊनही कॅप त्या वर्षी बरोबर १० टक्केच वाढली.

या पाचपैकी ज्या रेषेवर सर्वाधिक लक्ष ठेवायचं ती दुसरा एप्रन. श्रीमंत मालक टॅक्स भरून मोकळा होतो. दुसऱ्या एप्रनची शिक्षा मात्र पैशाने फिटत नाही. या रेषेवरच्या संघाला ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. रोख रक्कम देता येत नाही. मिड-लेव्हल सवलत (कॅपच्या वर असतानाही बाहेरचा खेळाडू घ्यायची सोय) मिळत नाही. सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) खेळाडू निवडायची पाळी, गोठतो; तो ट्रेडमध्ये देता येत नाही. २०२४-२५ मध्ये ही रेषा ओलांडलेल्या बोस्टन, फिनिक्स आणि मिनेसोटा या तिन्ही संघांचा २०३२चा पिक असाच गोठला. संघ सतत वरच राहिला तर तो पिक पहिल्या फेरीच्या तळाला ढकलला जातो.

दुसरा टप्पा: तुमच्या संघाचा एक कागद करा

वही घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा. प्रत्येक खेळाडूपुढे पाच रकाने: येत्या मोसमाचा पगार, पुढे उरलेली वर्षं, शेवटच्या वर्षी कोणाचा पर्याय आहे, किती रक्कम हमीची आहे, आणि लीगमधली एकूण वर्षं. शेवटचा रकाना लोक सोडून देतात. कमाल पगार मात्र त्याच्यावरच ठरतो: शून्य ते सहा वर्षं झालेल्याला कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षांना ३० टक्के, दहा किंवा जास्त वर्षांना ३५ टक्के. २०२५-२६ च्या हिशेबाने हे अनुक्रमे ३.८७, ४.६४ आणि ५.४१ कोटी डॉलर झाले.

यातही एक जिना आहे. खेळाडू ऑल-एनबीए संघात (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत) निवडला गेला, किंवा एमव्हीपी (मोसमाचा सर्वात मोलाचा खेळाडू) वा सर्वोत्तम बचावपटू ठरला, तर ठराविक अटींवर तो वरच्या पायरीवर लवकर चढतो. इंडियाना पेसर्सच्या टायरीज हॅलिबर्टनने २०२३ मध्ये करार वाढवला तेव्हा त्यात ही तरतूद होती. २०२४ मध्ये तो ऑल-एनबीएच्या तिसऱ्या संघात आला आणि सुमारे २०.४ कोटींचा पाच वर्षांचा करार २४.५ कोटींच्या आसपास गेला. या सन्मानांसाठी बहुतेक वेळा ६५ सामने खेळावे लागतात, त्यामुळे मार्चमध्ये एखादा तारा दुखऱ्या घोट्याने मैदानात का उतरतोय याचं उत्तर कधीकधी जुलैच्या करारात सापडतं. (हॅलिबर्टनला २०२० मध्ये निवडलं होतं सॅक्रामेंटो किंग्जने, म्हणजे मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या संघाने. फेब्रुवारी २०२२ मध्ये किंग्जने त्याला इंडियानाला देऊन डोमान्टास सबोनिसला आणलं. हेच दोन संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या एनएससीआय डोममध्ये खेळले होते, आणि तेव्हा सबोनिस पेसर्सकडे होता.)

तिसरा टप्पा: वेळापत्रक भारतीय वेळेत मांडा

अंतिम मालिका संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून संघ आपल्याच फ्री एजंटांशी, म्हणजे करार संपून मोकळ्या होणाऱ्या खेळाडूंशी, बोलू शकतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ड्राफ्ट होतो. खेळाडूंचे आणि संघांचे पर्याय साधारण २९ जूनपर्यंत ठरतात. ३० जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा वाजले की सगळ्यांशी बोलणी खुली होतात. आपल्याकडे तेव्हा १ जुलैची पहाट, साडेतीन. ६ जुलैला तिथल्या दुपारी बारापर्यंत, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊपर्यंत, 'मोरेटोरियम' असतो. या काळात बोलणी ठरतात, पण काही किरकोळ प्रकार सोडले तर सह्या होत नाहीत.

हा सहा दिवसांचा फरक नावापुरता समजू नका. २०१५ मध्ये डिअँड्रे जॉर्डनने डॅलसला तोंडी होकार दिला आणि सही व्हायच्या आत तो क्लिपर्सकडे परतला. डॅलसकडे करता येण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून तुमच्या कागदावर ६ जुलैपर्यंत सगळी नावं पेन्सिलने लिहा.

३० जूनच्या आधी परक्या खेळाडूशी बोलणी केली तर शिक्षा होते. २०२२ मध्ये जेलन ब्रन्सनला आणताना केलेल्या घाईबद्दल न्यूयॉर्क निक्सचा दुसऱ्या फेरीचा एक पिक काढून घेतला गेला. ब्रन्सनने त्या संघासाठी पुढे काय केलं ते पाहता कुठलाही संघ हा दंड हसत भरेल. ही तरतूद फार सौम्य आहे, असं माझं मत आहे.

चौथा टप्पा: खेळाडू कोणत्या वाटेने आला ते ओळखा

संघ कॅपच्या खाली असेल तर मोकळी जागा वापरतो. वर असेल तर त्याच्याकडे ठराविक सवलती असतात. बाहेरच्या खेळाडूसाठी मुख्य सवलत म्हणजे मिड-लेव्हल. २०२५-२६ मध्ये टॅक्सपासून दूर असलेल्यांना ती १.४१ कोटींची होती, पहिल्या एप्रनच्या वर असलेल्यांना ५७ लाखांची, आणि मोकळी जागा वापरून संपवलेल्यांना ८८ लाखांची. मोठी मिड-लेव्हल वापरली की त्या मोसमापुरती पहिल्या एप्रनची रेषा ओलांडता येत नाही. छोटी वापरली की दुसऱ्या एप्रनची. याला 'हार्ड कॅप' म्हणतात, आणि कागदावर ती लाल शाईने लिहा. पुढे फेब्रुवारीत, ट्रेडची मुदत संपत आली असताना, तुमचा संघ एखादी साधी ट्रेड का करत नाही, याचं कारण बहुधा जुलैत लागलेली ही हार्ड कॅप असते.

स्वतःच्या खेळाडूसाठी सगळ्यात मोलाची वाट म्हणजे बर्ड हक्क. तीन वर्षं संघ न बदलता, म्हणजे फ्री एजंट म्हणून दुसरीकडे न जाता खेळलेल्या खेळाडूला त्याचा संघ कॅपच्या वर असूनही कमाल रकमेपर्यंत देऊ शकतो. पाच वर्षांचा करार, दरवर्षी ८ टक्के वाढ. बाहेरचा संघ चार वर्षं आणि ५ टक्केच देऊ शकतो. ट्रेड झाली तर हे हक्क खेळाडूबरोबर नव्या संघाकडे जातात, आणि म्हणूनच करार संपत आलेला तारा फेब्रुवारीत महाग विकला जातो.

आता कॅप होल्ड. इथे थोडं थांबू, कारण फ्री एजन्सीतली सगळ्यात सुंदर चाल इथेच लपलेली आहे. करार संपलेल्या आपल्या खेळाडूचे हक्क संघाला राखायचे असतील तर त्याच्या नावाने एक काल्पनिक रक्कम पगारपत्रकात धरली जाते. ती त्याच्या जुन्या पगाराच्या पटीत असते, नव्या पगाराच्या नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाने टायरीज मॅक्सीचा करार वाढवला नाही. शहरात कुरबूर झाली, कारण पोरगा संघाचा लाडका होता. पण हिशेब बघा. मॅक्सीचा पगार तेव्हा ४३ लाख डॉलर होता. त्याचा होल्ड तिप्पट धरूनही १.३ कोटी. तोच करार आधी वाढवला असता तर २०२४-२५ साठी त्याच्या नावापुढे ३.५१ कोटी लागले असते. थांबल्यामुळे २.२ कोटींची जागा वाचली. जुलै २०२४ मध्ये त्या जागेचा उपयोग करून संघाने आधी पॉल जॉर्जला क्लिपर्सकडून फ्री एजंट म्हणून आणलं, चार वर्षं, २१.२ कोटी. पहिल्या वर्षाचा पगार ४.९२ कोटी. मग बर्ड हक्क वापरून मॅक्सीला पाच वर्षांचे २०.४ कोटी दिले. क्रम उलटा केला असता तर जॉर्ज बसलाच नसता. मॅक्सीने एक वर्ष विश्वासावर काढलं आणि संघाने शब्द पाळला, हेही नोंदवण्यासारखं आहे. मैदानावर पुढे सगळं फसलं: जॉर्ज ४१ सामने खेळला, संघाचा मुख्य तारा जोएल एम्बीड १९, आणि संघ २४-५८ वर संपला. तरी हिशेबाची चाल चुकीची नव्हती. दुखापत आणि निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या तपासायला हव्यात.

तुमच्या कागदावर त्यामुळे प्रत्येक फ्री एजंटपुढे होल्डचा आकडा लिहा आणि विचारा: याचा होल्ड खऱ्या किमतीपेक्षा लहान आहे का? असेल तर संघ त्याची सही सगळ्यात शेवटी करेल.

पाचवा टप्पा: कराराचा मोठा आकडा फोडून बघा

बातमीतली रक्कम ही करारातली सगळ्यात मोठी शक्य रक्कम असते. तिच्यात बोनस असतात, अर्धवट हमीची वर्षं असतात, पर्याय असतात. २०२५ मध्ये जोनाथन कुमिंगाने वॉरियर्सबरोबर दोन वर्षांचा, ४.८५ कोटींपर्यंत जाणारा करार केला. पण दुसरं वर्ष संघाच्या पर्यायाचं. म्हणजे खेळाडूच्या हातात पक्कं आलं ते साधारण निम्मंच.

पर्याय खेळाडूकडे असेल तर संघ गृहीत धरून चालतो की त्याला बाहेर जास्त मिळत असेल तर तो जाईल आणि कमी मिळत असेल तर राहील. २०२५ मध्ये लेब्रॉन जेम्सने लेकर्सबरोबरचा ५.२६ कोटींचा पर्याय स्वीकारला. चाळिशीतल्या खेळाडूला तेवढी रक्कम बाहेर कोणी देणं अवघडच होतं, त्यामुळे त्याचा अर्थ 'लेब्रॉन खूश आहे' असा लावण्याची गरज नव्हती.

सगळ्यात तळाचे करार झटकन बघून पुढे जा. किमान पगार २०२५-२६ मध्ये नवख्याला १२.७ लाख आणि दहा वर्षं झालेल्याला ३६.३ लाख होता. अनुभवी खेळाडूने एका वर्षाचा किमान करार केला तर संघाच्या हिशेबात सुमारे २३ लाखच धरले जातात, बाकीचे लीग देते. एप्रनजवळचे संघ जुन्या खेळाडूंना एकेका वर्षाचे करार का देतात, ते यातून कळतं.

सहावा टप्पा: रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटची कोंडी समजून घ्या

पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा चार वर्षांचा करार संपला आणि संघाने क्वालिफायिंग ऑफर (ठरावीक रकमेचा एका वर्षाचा प्रस्ताव) दिली की तो रिस्ट्रिक्टेड होतो. दुसरा संघ त्याला ऑफर शीट देऊ शकतो, पण मूळ संघाने तेवढीच रक्कम मान्य केली की खेळाडू जागच्या जागी. त्यामुळे बाहेरचे संघ उगाच पैसे अडकवून बसायला तयार नसतात.

२०२५ चा उन्हाळा यासाठी अभ्यासण्यासारखा आहे. त्या वर्षी मोठी मोकळी जागा जवळजवळ एकट्या ब्रुकलिन नेट्सकडे होती. जॉश गिडी, कुमिंगा, क्वेंटिन ग्राइम्स आणि कॅम थॉमस, चौघेही रिस्ट्रिक्टेड, चौघेही महिनोन्‌महिने लटकले. गिडीला शिकागोने सप्टेंबरमध्ये चार वर्षांचे दहा कोटी दिले. ग्राइम्स आणि थॉमस यांनी क्वालिफायिंग ऑफरच घेतली, अनुक्रमे सुमारे ८७ आणि ६० लाख. सामन्याला सरासरी वीसहून जास्त गुण काढणाऱ्या थॉमसला साठ लाखांवर खेळावं लागणं, हे बाजाराचं क्रूर रूप आहे.

पण ऑफर घेण्यामागे हिशेब असतो. वर्ष संपलं की खेळाडू पूर्ण मोकळा होतो, आणि त्या वर्षात त्याच्या संमतीशिवाय त्याची ट्रेड होत नाही. किंमत म्हणजे एका वर्षाची जोखीम: गुडघा गेला तर पुढचे पाच-सात कोटी गेले. रिस्ट्रिक्टेड खेळाडूबद्दल अंदाज बांधताना आधी मोजा की किती संघांकडे खरोखर जागा आहे. एक किंवा दोन असतील तर खेळाडूची बाजू कमकुवत, मग तो कितीही चांगला असो.

सातवा टप्पा: ट्रेडची बेरीज करा

कॅपवरच्या संघाला ट्रेडमध्ये जवळपास तेवढ्याच पगाराचे खेळाडू परत घ्यावे लागतात. एप्रनच्या खाली असलेल्यांना सूट असते; रक्कम लहान असेल तर दुपटीपर्यंत, मोठी असेल तर १२५ टक्क्यांच्या आसपास. पहिल्या एप्रनवर गेलेल्या संघाला पाठवलेल्यापेक्षा एक डॉलरही जास्त घेता येत नाही.

ड्युरांटची २०२५ ची ट्रेड कागदावर मांडा. फिनिक्सने ५.४७ कोटींचा ड्युरांट पाठवला. ह्यूस्टनकडून आले जेलन ग्रीन (३.३३ कोटी) आणि डिलन ब्रुक्स (२.११ कोटी), शिवाय दहाव्या क्रमांकाचा पिक आणि दुसऱ्या फेरीचे पाच. पगारांची बेरीज ५.४४ कोटी. फिनिक्सने पाठवलं त्यापेक्षा किंचित कमी घेतलं, आणि त्यांच्या परिस्थितीत हे असंच असणं भाग होतं. ह्यूस्टनला दोन पगार जोडता आले कारण ते दुसऱ्या एप्रनच्या खाली होते. मग आजूबाजूचे लहान सौदे त्यात गुंफत गेले आणि एकूण सात संघांचा व्यवहार झाला. इतक्या संघांची ट्रेड बघून घाबरू नका. एकेका संघाचा 'आत' आणि 'बाहेर' असा दोन ओळींचा हिशेब करा, बाकी गुंता सुटतो.

कधी ट्रेडचा हेतू खेळाडू आणणं नसतोच. २०२४ चा विजेता बोस्टन सेल्टिक्स २०२५ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या एप्रनच्या बराच वर होता. पगार आणि टॅक्स मिळून बिल ५० कोटी डॉलरच्या घरात जाणार होतं, आणि मेमध्ये जेसन टेटमची अकिलीस शीर तुटली होती. त्यांनी ३.२४ कोटींचा ज्रू हॉलिडे पोर्टलंडला देऊन २.७७ कोटींचा अॅन्फर्नी सायमन्स घेतला, आणि ३.०७ कोटींचा क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला देऊन ८२ लाखांचा जॉर्ज नियांग. पगारात सुमारे २.७ कोटींची बचत झाली. पण बोस्टन वारंवार टॅक्स भरणाऱ्यांत मोडत होता, आणि अशांना पहिल्याच टप्प्यात प्रत्येक डॉलरमागे तीन डॉलर कर लागतो, वरच्या टप्प्यांत त्याहून जास्त. म्हणजे खरी बचत कितीतरी पट. 'हॉलिडेच्या बदल्यात फक्त सायमन्स?' असं विचारणाऱ्या चाहत्याचं दुःख मला समजतं. तो बचावपटू अजिंक्यपदाचा कणा होता. पण बोस्टनला त्या सौद्यात खेळाडूपेक्षा मोकळे हात हवे होते.

ड्राफ्ट पिकबद्दल एवढं पुरे: लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देऊन संघ रिकामा होऊ शकत नाही. क्लीव्हलंडचे एकेकाळचे मालक टेड स्टेपियन यांनी तसे पिक उधळले म्हणून हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. मधल्या वर्षांसाठी मग 'स्वॅप' (दोन संघांच्या पिकांमधला चांगला पिक घ्यायचा हक्क) दिले जातात. पिकची किंमत त्या क्षणी कळत नाही, हे ओक्लाहोमा सिटीपेक्षा चांगलं कोणी शिकवत नाही. जुलै २०१९ मध्ये त्यांनी पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला. बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि दोन स्वॅप आले. त्यातल्या एका पिकवर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स मिळाला. २०२५ मध्ये संघ विजेता झाला, गिल्जस-अलेक्झांडर एमव्हीपी ठरला.

आठवा टप्पा: नकोसा करार संपवायच्या वाटा

खेळाडूला मोकळं केलं तरी हमीचे पैसे द्यावेच लागतात. ते पैसे उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक इतक्या वर्षांत पसरता येतात, हा 'स्ट्रेच'. दोन वर्षं उरली असतील तर पाच वर्षं. जुलै २०२५ मध्ये मिलवॉकीने जखमी डेमियन लिलार्डचे सुमारे ११.३ कोटी असे पसरले, वर्षाला २.२५ कोटींच्या आसपास, आणि त्या जागेत पेसर्सचा माइल्स टर्नर आणला. एका वर्षात असे पसरलेले एकूण पैसे कॅपच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. त्या वर्षी ही मर्यादा २.३२ कोटी होती. मिलवॉकी अगदी काठावरून गेला.

त्याच मर्यादेने फिनिक्सची अडचण केली. ब्रॅडली बीलचे सुमारे ११ कोटी उरले होते आणि आधीच्या काही खेळाडूंचे पैसेही पसरलेले होते. बीलने जवळपास १.४ कोटी सोडले तेव्हाच हिशेब मर्यादेत बसला. पाच वर्षं दरसाल १.९ कोटींहून जास्त रक्कम, न खेळणाऱ्या माणसासाठी. मला हा मार्ग दोन्ही संघांच्या बाबतीत धोक्याचा वाटतो. मिलवॉकीचा तारा यानिस अँटेटोकुंपो रागावू नये म्हणून २०३० पर्यंतचा पगारखर्च गहाण टाकणं समजू शकतं; फिनिक्सकडे तर तेवढंही कारण नव्हतं.

नववा टप्पा: खेळाडूच्या खुर्चीत बसा

चाहते संघाच्या बाजूने विचार करतात. खेळाडूचं गणित वेगळं असतं: किती वर्षं, किती हमी, कोणतं राज्य, आणि पुढचा मोठा करार कधी. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही; कॅलिफोर्नियात वरचा दर १३ टक्क्यांच्या पुढे आहे. त्यात प्रत्येक पगारातून १० टक्के लीग बाजूला ठेवते, जेणेकरून खेळाडूंचा एकूण वाटा उत्पन्नाच्या ठरलेल्या टक्केवारीत, साधारण निम्म्यात, राहावा.

जेलन ब्रन्सनने जुलै २०२४ मध्ये चार वर्षांचे १५.६५ कोटी घेतले. वर्षभर थांबला असता तर पाच वर्षांचे सुमारे २६.९ कोटी मिळू शकले असते. सगळीकडे '११.३ कोटींवर पाणी सोडलं' असं छापून आलं. त्याग खरा आहे आणि मोठा आहे, यात शंका नाही. पण त्याच्या कराराचं शेवटचं वर्ष त्याच्या पर्यायाचं आहे, आणि २०२८ मध्ये त्याची लीगमध्ये दहा वर्षं पूर्ण होतात. म्हणजे तेव्हा ३५ टक्क्यांचं दार उघडतं.

आता लुका डॉन्चिच बघा. तोही २०१८ च्याच ड्राफ्टचा, ब्रन्सनचा डॅलसमधला जुना सोबती. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने त्याला लेकर्सला दिलं, आणि त्या ट्रेडबरोबर त्याचा सुमारे ३४.५ कोटींच्या सुपरमॅक्सचा (दहा वर्षं व्हायच्या आधीच मिळणाऱ्या ३५ टक्क्यांच्या कराराचा) हक्कही गेला, कारण तो हक्क मूळ संघाकडूनच मिळतो. ऑगस्टमध्ये त्याने लेकर्सबरोबर फक्त तीन वर्षांचा, १६.५ कोटींचा करार केला आणि २०२८ मध्ये बाहेर पडायची सोय ठेवली. तारीख तीच. करार आखूड दिसला की लोकांना खेळाडूच्या निष्ठेबद्दल शंका येते. त्याआधी तुमच्या कागदावरचा 'लीगमधली वर्षं' हा रकाना बघा.

जुलैनंतर

३१ ऑगस्टपर्यंत मोकळ्या केलेल्या खेळाडूचा चालू मोसमाचा पगारही स्ट्रेचमध्ये धरता येतो; त्यानंतर फक्त पुढच्या वर्षांचा. सरावशिबिरात २१ खेळाडू चालतात, मोसम सुरू होताना १५ नियमित आणि तीन टू-वे (मुख्य संघ आणि खालची विकास लीग अशा दोन्हीकडे खेळणारे). मोसमाच्या आदल्या दिवशीपर्यंत चौथ्या वर्षात शिरणाऱ्या पहिल्या फेरीच्या खेळाडूंचे करार वाढवता येतात. ज्यांचे वाढले नाहीत त्यांची नावं लगेच पुढच्या उन्हाळ्याच्या पानावर, होल्डच्या आकड्यासह.

उन्हाळ्यात सही केलेल्या बहुतेक फ्री एजंटांची ट्रेड १५ डिसेंबरपर्यंत करता येत नाही. बर्ड हक्काने मोठी पगारवाढ घेतलेल्या काहींसाठी ही तारीख १५ जानेवारी असते. जुलैत सही होताच त्या खेळाडूच्या नावापुढे यातली योग्य तारीख टाकून ठेवा. फेब्रुवारीच्या मुदतीआधी अफवा सुरू होतील तेव्हा कोणाचं नाव खरंच सौद्यात असू शकतं आणि कोणाचं नाही, हे तुम्हाला तिथेच दिसेल.